सव्वीस मोटरींचं मानपत्र

मानपत्र म्हटलं की आमच्या भागात माझं दार वाजतं. पेडण्यात कुणी हेडमास्तर निवृत्त झाला, साखळीच्या कुणा डॉक्टरला पंचाहत्तरावं लागलं, एखाद्या भजनी मंडळाने पन्नाशी गाठली, की कुणीतरी येतं, दारापुढच्या बाल्कांवावर, तिथल्या बाकावर टेकतं, पाणी पितं आणि म्हणतं, "टीचर, चार ओळी लिहा मरे." चार ओळी कधीच नसतात. फ्रेम ही एवढी मोठी असते आणि ती भरावी लागते. सरकारी मराठी शाळेत जन्म घालवलेली बाई मी, मला शब्दांचा काय तोटा? भाषा माझी चांगली आहे. शेखी मिरवायची म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते ह्या चांगल्या भाषेपायीच झालं, म्हणून आधीच सांगून टाकते.

अडीच-तीन वर्षांपूर्वी, गणेश चवथीच्या आधी, माझ्या बहिणीच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. "मावशी, तुझी मागची खोली रिकामी आहे ना? माझ्याबरोबर कॉलेजात होता तो एक मित्र आहे. सुदानचा."

सुदान कुठे आहे ते मला ठाऊक होतं, भूगोल मीच शिकवायचे. मला विचारायचं होतं ते दुसरंच, आणि ते त्यालाही कळलं.

"काळा आहे, मावशी. पण फार चांगला आहे."

त्या वाक्याचा मला तेव्हा राग यायला हवा होता. आला नाही. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

तो आला तेव्हा हातात एक बॅग आणि एक प्लास्टिकचं फोल्डर. वय असेल अठ्ठावीस. पुण्यात इंजिनियरिंग करायला आला आणि शेवटच्या वर्षाला त्याच्या देशात लढाई पेटली. बापाचं खार्टूमला मोटर रिवायंडिंगचं, जळलेल्या मोटरींची तार नव्याने गुंडाळायचं वर्कशॉप होतं. ती गल्लीच राहिली नाही, आणि बापाचा ठावठिकाणा लागला नाही. आई बहिणीकडे इजिप्तला. ह्याचा व्हिसा संपला, परत जायला जागा नाही. म्हणून त्याने दिल्लीच्या निर्वासितांच्या ऑफिसात अर्ज केला होता. एकदा मुलाखत झाली. निर्णय कळवू म्हणाले. तो निर्णय यायचा होता. तोवर पणजीचं विदेशी लोकांचं ऑफिस त्याला एकेका महिन्याचा राहण्याचा परवाना वाढवून देत होतं.

फोल्डरमधला तो कागद त्याने आल्या दिवशीच माझ्यापुढे ठेवला. मी चष्मा लावून वाचला. निर्णय होईपर्यंत नोकरी, धंदा किंवा कुठलंही काम करायचं नाही, मोबदला घेऊन वा न घेता. अट मोडली तर परवाना रद्द आणि देशाबाहेर पाठवण्याची कारवाई. इंग्रजीत होतं, पण स्पष्ट होतं.

"मग दिवसभर करायचं काय रे तू?"

"वाट बघायची, टीचर," तो म्हणाला.

मराठी त्याचं पुण्याच्या खानावळीतलं. 'बास झालं', 'आज फीस्ट आहे का', 'उद्या सुट्टी'. त्यावर महिन्याभरात त्याने आमच्याकडचं 'मरे' चढवलं. विदेशी माणूस ठेवला की घरमालकाने भरायचा तो फॉर्म मी पोलिसांत भरून दिला, एक हवालदार येऊन खोली बघून गेला. गावाने मात्र आपली चौकशी वेगळी केली. आमच्या देवस्थान समितीचे अध्यक्ष सकाळी पोदेराकडून पावाचे उंडे घ्यायला थांबले होते, तिथेच मला म्हणाले, "टीचर, हो ड्रग्ज बी विकता कितें?"

"विकत असता तर माझ्याकडची पेज खाऊन राहिला असता?" मी म्हटलं. ते हसले, पण पुढचे कित्येक दिवस त्यांनी आपली स्कूटर माझ्या कुंपणाजवळ हळू केली.

आठ-नऊ महिने तो खोलीत नुसता होता. सकाळी आंघोळ, मग कदेल म्हणजे आमची लाकडी खुर्ची खिडकीकडे ओढून बसायचं, फोन बघायचा, दिल्लीचा मेल आलाय का ते बघायचं. मी म्हणायचे, वाच काहीतरी. वाचायचा. मी म्हणायचे, फिरून ये मांद्र्याच्या किनाऱ्यावर. जाऊन यायचा, सांगितलेलं काम केल्यासारखा. चेहऱ्यावर कायम पाहुण्याची कळा. रागावणं नाही, मागणं नाही. मला वैताग यायचा. घरात कुणीतरी सतत माझी माफी मागतंय असं वाटायचं.

मग मे महिन्यात माझ्या बांवीवरची, विहिरीवरची मोटर जळली. म्हापशाचा मेकॅनिक म्हणाला, आठ दिवस. मी कळशीने पाणी ओढायला लागले. दोन दिवस त्याने बघितलं, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "टीचर, मी बघू?"

"कागदावर काय लिहिलंय तुझ्या?"

"बघायला काय?"

बघितलं, उघडलं, आणि मग थांबतोय कसला. आतली कॉईल काळीठिक्कर झाली होती. त्याने ती कापून काढली, वेढे मोजले, मला म्हापशाहून तांब्याची तार आणि वॉर्निश आणायला लावलं, आणि चटईवर बसून ओठातल्या ओठात आपल्या भाषेत आकडे म्हणत दीड दिवस तार गुंडाळली. माझ्या कुंपणाच्या बांबूच्या पट्ट्या तासून तारेच्या खाचांत ठोकल्या, वेढे हलू नयेत म्हणून. मी उगाच कौतुकाने वाकून हात लावायला गेले तर ओरडला, "हात नका लावू! वॉर्निश ओलं आहे!" माझ्या घरात माझ्यावर ओरडला. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू.

पाणी चढलं ते शेजारणीने ऐकलं. शेजारीण म्हणजे आमची एक म्हातारी, बांवीवरच्या पाण्यावर मिरच्या आणि लाल भाजी करणारी. दुसऱ्या दिवशी तिची मोटर माझ्या अंगणात. मग तिच्या दिराची. मग कोण कोणाची ते मी विचारायचं सोडलं. त्याने कुणाकडून एक पैसा घेतला नाही, ते मात्र मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. आमच्या लोकांना फुकटचं पचत नाही, म्हणून दारात फणस यायचा, उकडे तांदूळ यायचे, खारवलेले बांगडे यायचे. मला वाटलं, ही तर देवाणघेवाण, शेजारधर्म. काम म्हणजे हजेरी, पगार, साहेब. चटईवर बसून म्हातारीची मोटर करून देणं हे काम कसं असेल? कागदावरचं 'मोबदला न घेता' हे मी माझ्या डोळ्यांनी वाचलं होतं. तरी मला असंच वाटलं.

नंतरच्या साली देवळाचा वर्धापनदिन आला आणि आदल्या दिवशी देवळाचा पंप बंद पडला. हजारभर माणसांचा महाप्रसाद, आणि नळाला थेंब नाही. अध्यक्षांची पाचावर धारण बसली. ते स्वतः स्कूटरवर पंप घेऊन माझ्याकडे आले. त्याने सकाळपासून दिवेलागणीपर्यंत जेवण टाकून तो करून दिला. दुसऱ्या दिवशी पाणी कमी पडलं नाही.

"टीचर, ह्या माणसाचा सत्कार व्हायलाच पाहिजे," अध्यक्ष म्हणाले. समितीचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमच्याकडे माणसाला आपलं म्हणायची ही एकच रीत. शाल, श्रीफळ, मानपत्र. तो मुसलमान, हे सगळ्यांना माहीत होतं. मंडप देवळासमोरच्या मैदानात घालायचा ठरला, मग तो प्रश्न कुणी काढलाच नाही. आणि मी, ज्याच्या रंगाला मी स्वतः बिचकले होते त्याला माझं गाव शाल घालतंय ह्या आनंदात, हो म्हटलं.

त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "नको, टीचर."

"नको काय? लोक प्रेमाने करतायत."

"कागदावर लिहिलंय. पैसे न घेता पण नाही."

"अरे, शाल म्हणजे पगार का? सत्काराला कुठे काम म्हणतात? तुला मराठी ते किती कळतं!"

तो गप्प बसला. मला वाटलं पटलं त्याला. तो गप्प बसला कारण मी घरमालकीण होते.

मानपत्रात मोघम लिहिलेलं मला चालत नाही. मी वही घेऊन घरोघर फिरले आणि विचारलं, तुमची केली का, तुमची केली का. पंचवीस घरांच्या आणि देवळाची एक, अशा सव्वीस भरल्या. मग मी लिहिलं. 'आपण या गावाच्या विहिरींना पुन्हा वाचा दिलीत.' 'आपल्या तीर्थरूपांकडून लाभलेली ही विद्या आपण निरपेक्ष भावनेने सव्वीस कुटुंबांच्या सेवेत वेचलीत.' देवळालाही मी कुटुंबात धरलं. मंडपात मीच ते वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. तो शाल घेऊन उभा होता आणि मान खाली होती, ती आम्ही विनय म्हणून घेतली. आणि एवढ्यावर थांबेन तर मी कसली? गावच्या बातम्या पेपराला मीच पाठवते. फोटोसकट पाठवली. तिसऱ्या दिवशी छापून आली. 'सव्वीस मोटरी दुरुस्त करणाऱ्या सुदानी युवकाचा गौरव.' कात्रण मी त्याच्या दाराखालून आत सरकवलं.

त्याच आठवड्यात पणजीहून फोन आला, दोघांनी या.

अधिकारी माणूस वाईट नव्हता. बसायला सांगितलं, पाणी दिलं. टेबलावर तेच कात्रण. "मानपत्र तुम्ही लिहिलंत, टीचर?"

"हो."

"भाषा सुंदर आहे."

आणि जळलं मेलं ते माझं मन, एक क्षण सुखावलं. मग त्याने विचारलं, "सव्वीस हा आकडा खरा?" मी चष्मा काढून पदराला पुसला. तो शांतपणे समजावून सांगत राहिला. अट मोडलेली दिसते आहे. गावात चौकशी होईल. खरं निघालं तर परवाना वाढणार नाही, परत पाठवायची कारवाई सुरू करावी लागेल, दिल्लीचा निर्णय यायचा असला तरी. "माझ्या हातात फारसं काही नसतं, टीचर."

परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. मी म्हटलं, "चुकलं रे माझं." तो म्हणाला, "हो." एवढंच. सगळ्या वाटेत एवढंच.

घरोघर जाऊन 'नाही म्हणून सांगा' असं सांगायला हवं होतं. मी एक दिवस घालवला. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून पट्ट्या मारल्या, आता कुठल्या तोंडाने सांगू, ह्या विचारात तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच हवालदार वही घेऊन हजर, आणि पहिलीच शेजारीण.

"ह्या माणसाने तुमची मोटर केली काय?"

"होय तर! ह्यानेच केली, सायबा! म्हापशाक व्हेली आसती तर आठ दीस गेले आसते!" म्हातारीला वाटलं, सरकार आता आणखी मोठा सत्कार करतंय. तिने हवालदाराचा हात धरून त्याला बांवीकडे नेलं आणि बटण दाबलं. "येवा, येवा, पाणी बघा! बघा कसा येता ता!" मी कुंपणापलीकडून हातवारे करत होते. तिने मलाही हात केला. पुढच्या तीन घरांत तेच. चौथ्या घरी तर हवालदाराला चहाबरोबर सांगितलं, असा कारागीर गोव्यात नाही. हवालदार लिहीत होता. मी पुढच्या घरांत 'नाही म्हणा' सांगायला धावले, पण चार घरं सांगून मोकळी झाली होती.

पेडण्याच्या एका वकिलाकडे गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मानपत्रात काय, लोक वाट्टेल ते लिहितात. तुम्ही प्रतिज्ञापत्र करा. मानपत्रात वाढवून लिहायची पद्धत असते, तसं लिहिलं. प्रत्यक्षात ह्याने नुसती हत्यारं धरली. शेजाऱ्यांनी पाहुण्याचं मन राखायला कौतुक केलं. आणि ह्याला त्या कामाची काही माहिती नाही."

माझ्यासारखी बाई लिहायला बसली. कोर्टासमोरच्या बाकावर, त्या वकिलाच्या कागदावर. जेवढं मानपत्र सुबक होतं तेवढंच हेही सुबक झालं. 'सदर इसमास मोटर दुरुस्तीचे कोणतेही काम येत नाही.' मी त्याला वाचून दाखवलं, कारण त्यालाही सही करायची होती.

तो म्हणाला, "टीचर, हे माझ्या वडिलांनी शिकवलंय."

"ठाऊक आहे रे."

"मी आता करणार नाही, असं लिहा. कधीच करणार नाही. हे नको."

मी वकिलाकडे बघितलं. वकील म्हणाला, येतं म्हटलं की साहेब विचारणार, मग तो गावात त्याचं करतो काय? ते खरंच होतं. मी ओळ तशीच ठेवली. त्याने सही करताना पेन घट्ट धरलं होतं. सही केली.

ते चाललं. अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, बराच वेळ वाचले आणि म्हणाला, "तुमच्या शब्दावर, टीचर. पण पुन्हा एवढीशी जरी तक्रार आली, तर मला विचारू नका." परवाना महिन्याने वाढला. दर महिन्याला वाढतोय.

प्रतिज्ञापत्राची बातमी गावभर व्हायला किती वेळ? अध्यक्ष दारात आले, आत आले नाहीत. "म्हणजे टीचर, माझ्या बापाशीचें मानपत्र ही फट? सगळीं फट, सगळीं खोटीं लिहिलीं तुम्ही?" त्यांच्या वडिलांचं मानपत्र त्यांच्या हॉलमध्ये लावलेलं आहे. खोटं नव्हतं हो, त्यातला एक शब्द खोटा नव्हता. पण तसं म्हटलं तर प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं. मी म्हटलं, "तसंच समजा." ते गेले. त्यानंतर चार ओळींसाठी कुणी आलं नाही. मला वाटलं होतं मला फार लागेल. काही वाटलं नाही. आताशा कशाचंच फारसं वाटत नाही.

ह्याला चौदा महिने झाले. दिल्लीहून काही नाही. मी त्याची पक्कड, हातोडी, तारेची रिळं काढून माझ्या कपाटात कुलपात ठेवली आहेत. त्याने मागितली नाहीत. कुंपणाबाहेर अनोळखी स्कूटर थांबली आणि तो कळशी उचलताना दिसला, की मी खेकसते, ठेव ती खाली. रस्त्यावरून जाणारा कुणीही तक्रार करू शकतो, हे माझ्या डोक्यात बसलंय. त्याच्याशी मी पूर्वी जेवताना चार गोष्टी बोलायचे. आता माझं बोलणं म्हणजे हे करू नको, ते करू नको. तो कदेलावर बसतो. हात मांडीवर. बोटं मऊ पडलीत त्याची, नखं स्वच्छ असतात. लोकही मोटरी म्हापशाला नेतात, आणि त्याला बघून मान वळवतात. रागाने नव्हे. आपण त्याला बुडवणार होतो ह्या लाजेने.

गेल्या आठवड्यात शेजारणीची मोटर पुन्हा बंद पडली. मिरचीची रोपं माना टाकत होती, म्हणून तिने म्हापशाचा मेकॅनिक घरीच बोलावला. तो एकटाच आला. बांवीच्या आत पायरीवर अंधार, एक हात मोटरीवर, एक हात तारांवर. माझा पाहुणा माझ्या घराच्या पायरीवरून बघत होता. मेकॅनिक तार चुकीच्या ठिकाणी जोडत होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. मेकॅनिकने वर बघितलं आणि त्याला हाक मारली.

"ए भाऊ, ही टॉर्च धर जरा."

तो उठला. दोन पावलं गेला आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. रस्त्यावर दोन माणसं उभी होती, कोण होती मला माहीत नाही.

"हात मागे," मी म्हटलं.

त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. मी जाऊन टॉर्च धरली. मेकॅनिक हसला. "कितें मरे, एवढा मोठा माणूस, टॉर्च धरायला येत नाही?"

शेजारणीने पदर तोंडाला लावला. मी काहीतरी बोलणार होते, खरंच बोलणार होते. पण तोच माझ्याआधी बोलला, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आमच्या मराठीत.

"नाही, भाऊ. मला काहीच येत नाही."